नरारा: ओहोटीच्या समुद्रात चालायला जाणाऱ्यांसाठी

ओलीवाट (धागाकर्ती):

नमस्कार. गेल्या डिसेंबरात आम्ही घरचे सहा जण पुण्याहून जामनगरला आणि तिथून नराऱ्याला जाऊन आलो. कच्छच्या आखाताच्या दक्षिण किनाऱ्यावर 1980 साली सागरी अभयारण्य घोषित झाले आणि 1982 साली त्याच्या गाभ्यातला 162.89 चौरस किलोमीटरचा भाग राष्ट्रीय उद्यान झाला. हे देशातले पहिले सागरी राष्ट्रीय उद्यान आहे. त्यात लहानमोठी 42 बेटे येतात. बहुतेक बेटांवर होडीशिवाय आणि वेगळ्या परवानगीशिवाय जाता येत नाही, पण वाडीनारजवळच्या नराऱ्याला मात्र गाडीने दारापर्यंत पोहोचून थेट पायी समुद्रात उतरता येते. जामनगरहून हे अंतर साठेक किलोमीटर आहे.

'पायी समुद्रात' हे शब्द मी अलंकारिक अर्थाने वापरलेले नाहीत. आखात नरसाळ्यासारखे आत निमुळते होत जाते आणि त्यामुळे इथली भरती-ओहोटी आपल्या कोकणातल्यापेक्षा मोठी असते. उधाणाच्या दिवशी पाणी उतरले की प्रवाळाचा सपाट खडक लांबवर उघडा पडतो. तिवरांचा पट्टा ओलांडून, घोट्याएवढ्या पाण्यातून, खळग्या-खळग्यांतले जग पाहत दीड-दोन किलोमीटर आत जाता येते. बुडी मारावी लागत नाही, पोहता येण्याचीही गरज नाही. नेमका याच सोपेपणाने आम्हाला घोळात घेतले, म्हणून हा धागा काढते आहे.

झाले ते असे. आमच्याबरोबर दारावरच मिळालेला स्थानिक मार्गदर्शक होता आणि त्याने निघतानाच बजावले होते की मी म्हणेन तेव्हा वळायचे, त्यात घासाघीस चालणार नाही. परतायला सुरुवात झाली तेव्हा मी एका खळग्यापाशी रेंगाळले, कारण एक अष्टपाद खडकाच्या रंगाचा होऊन बसला होता आणि मला त्याचा डोळा कॅमेऱ्यात हवा होता. बाकीचे शंभरेक पावले पुढे गेले. मी मान वर केली तेव्हा समोरचा समुद्र होता तिथेच होता, म्हणून मी निश्चिंत होते. पण मागे वळून पाहते तो जाताना ज्या खाचेतून आम्ही घोटाभर पाण्यातून आलो होतो, तिच्यात गढूळ पाणी जोरात आत शिरत होते. ती ओलांडताना पाणी मांडीपर्यंत आले, चपलेचा पट्टा तुटला आणि तोल सावरायला मी जो हात टेकला तो थेट जिवंत प्रवाळावर. तळहाताला दोन चिरे गेले. प्रवाळाचे किती नुकसान झाले ते मला दिसले नाही, पण झाले असणार. मार्गदर्शक उलट पावली येऊन मला घेऊन गेला आणि काठावर पोहोचेपर्यंत एक शब्द बोलला नाही.

चूक सर्वस्वी माझी होती. त्या दिवसानंतर दोन गोष्टी डोक्यात पक्क्या बसल्या. पहिली अशी की सपाट खडकावर पाणी समोरून चालून येत नाही. आधी खाचा भरतात, आणि खाचा तुमच्या आणि काठाच्या मध्ये असतात. दुसरी अशी की जे पाऊल तुम्हाला सुरक्षित ठेवते तेच बहुतेक वेळा प्रवाळालाही वाचवते. वाळूवर किंवा मेलेल्या, पांढुरक्या खडीवर पडलेले पाऊल घसरत नाही आणि काही मारतही नाही. जिवंत प्रवाळाचा गोळा हिरवट, तपकिरी किंवा जांभळट दिसतो, हाताला बुळबुळीत लागतो आणि पायाखाली दगा देतो. गोळ्यासारखे वाढणारे हे प्रवाळ वर्षाला काही मिलिमीटर, फार तर सेंटीमीटर-दोन सेंटीमीटर वाढतात. म्हणजे चेंडूएवढ्या गोळ्यावर पाय देणारा माणूस दहा-पंधरा वर्षांवर पाय देत असतो.

(पोवळ्याच्या अंगठीतले लाल पोवळे इथे मिळेल का, असे माझ्या आत्याने निघण्यापूर्वी विचारले होते. ते दागिन्यांचे पोवळे मुख्यतः भूमध्य समुद्रातले असते. इथले टणक प्रवाळ 2001 पासून वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे काठावर पडलेला मेलेला तुकडासुद्धा खिशात घालता येत नाही.)

जे जाऊन आले आहेत त्यांनी आपापले अनुभव लिहावेत. विशेषतः वेळेचे गणित कसे मांडता, ते सविस्तर वाचायला आवडेल.

तिवर_दापोली:

धागा आवडला. उपदेश न करता स्वतःची चूक आधी सांगितलीत, हे बरे केलेत.

वेळेच्या गणिताबद्दल आमच्याकडची रीत सांगतो. तिथीला तीनने गुणून चारने भागले की पूर्ण भरतीची वेळ निघते. चतुर्थीला तीनच्या सुमारास भरती, अष्टमीला सहाच्या, पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकरा-बाराच्या आसपास, आणि त्यानंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास उधाण असते, तेव्हा पाणी जास्त चढते आणि जास्त उतरते. अष्टमीच्या सुमारास भांग असतो, तेव्हा पाणी धड चढतही नाही आणि धड उतरतही नाही. म्हणजे नराऱ्यासारख्या ठिकाणी भांगाच्या दिवशी गेलात तर खडक पुरेसा उघडा पडणार नाही आणि सहाशे किलोमीटरहून अधिक प्रवास करून गुडघाभर गढूळ पाणी पाहून परत याल.

मालवणलाही 1987 पासून सागरी अभयारण्य आहे, पण तिथे माणूस पाण्यावर तरंगत प्रवाळ पाहतो आणि इजा प्रामुख्याने होड्यांच्या नांगरांनी होते. पायी फिरण्याच्या जागी प्रत्येक माणूसच एक छोटा नांगर आहे, हे तुमच्या लिहिण्यावरून लक्षात आले.

बेडीबंदर:

मी नोकरीच्या निमित्ताने अकरा वर्षे जामनगरला होतो. तिवर यांची पाऊणपटीची रीत मुंबई-कोकणासाठी चोख आहे, पण ती जशीच्या तशी कच्छच्या आखातात वापरू नये, ही कळकळीची विनंती. भरतीची लाट आखाताच्या तोंडाशी ओख्याला आधी पोहोचते आणि आत कांडल्याकडे जाईपर्यंत बराच वेळ जातो. पाण्याची उंचीही आत जाताना वाढत जाते. कोकणातल्या वेळेवर विसंबून कोणी खडकावर उतरला, तर ओहोटी समजून चढत्या पाण्यात चालत असण्याची शक्यता आहे. भारतीय सर्वेक्षण विभाग दरवर्षी बंदरांची भरती-ओहोटीची कोष्टके काढतो. त्यांतले जवळचे बंदर पाहावे, आणि तरीही दारावरच्या वनरक्षकाला विचारल्याशिवाय निघू नये, कारण वाऱ्याचा जोर असेल तर पाणी कोष्टक पाळत नाही. एक सोय मात्र आहे. कोणत्याही एका बंदरावर उधाणाच्या ओहोटीची घड्याळातली वेळ साधारण ठरलेली असते, त्यामुळे एका पौर्णिमेची वेळ कळली की पुढच्या अमावास्येचा अंदाज येतो. शिवाय सर्वांत मोठे उधाण तिथीच्या दिवशीच न येता बहुधा एक-दोन दिवस उशिरा येते.

आता ओलीवाट यांच्या खाचेविषयी. खलाशी बाराव्या हिश्श्याचा एक हिशेब करतात. ओहोटीपासून भरतीपर्यंतच्या साधारण सहा तासांत एकूण जेवढे पाणी चढायचे, त्याचा पहिल्या तासात एक बारांश चढतो, दुसऱ्या तासात दोन, तिसऱ्या आणि चौथ्या तासात तीन-तीन, मग पुन्हा दोन आणि एक. समजा त्या दिवशी पाच मीटरचा फरक आहे. पहिल्या तासात सुमारे 42 सेंटीमीटर पाणी चढेल आणि तिसऱ्या तासात तेच सव्वा मीटर. ऐकताना पहिला तास निरुपद्रवी वाटतो. पण नराऱ्याचा खडक जवळजवळ सपाट आहे, म्हणून 42 सेंटीमीटर पाणी मोठा विस्तार झाकून टाकते आणि जी खाच आधीच वीतभर खोल आहे तिथे ते गुडघ्याच्या वर जाते. शिवाय खाचेतून पाणी नुसते चढत नाही, ओढ्यासारखे वाहते. गुडघाभर वाहत्या पाण्यात बुळबुळीत तळावर उभे राहणे भल्याभल्यांना जमत नाही.

म्हणून आम्ही पाळत असू ती पद्धत अशी होती: ओहोटीच्या वेळेच्या दोन तास आधी उतरत्या पाण्याच्या मागोमाग आत जायचे, आणि पाणी सर्वांत खाली असते त्या क्षणी तोंड काठाकडे असले पाहिजे. नेमका तोच क्षण सर्वांत मोहाचा असतो, कारण तेव्हाच सर्वांत दूरचे खळगे उघडे पडतात. मनगटी घड्याळात त्या वेळेचा गजर लावून ठेवावा. फोन पिशवीत असतो आणि पिशवी पाठीवर असते, त्यामुळे फोनचा गजर उपयोगाचा नाही.

प्रश्नचिन्ह:

थोडा वेगळा सूर लावतो, राग नसावा. हे सगळे वाचून मनात येते की मुळात जायचेच कशाला? जिथे पाऊल ठेवणे हीच इजा आहे, तिथे 'जबाबदारीने पाऊल ठेवा' असे म्हणणे म्हणजे स्वतःच्या मनाची समजूत घालणे नव्हे का? माहितीपट उत्तम निघतात. घरी बसून पाहावेत.

ओलीवाट:

प्रश्नचिन्ह, राग कसला, हा प्रश्न मलाही परतीच्या गाडीत पडला होता. माझे उत्तर अर्धवट आहे, तरी मांडते.

नराऱ्याला पर्यटकाच्या पावलाने होणारी इजा खरी आहे, पण ती त्या आखाताची सर्वांत मोठी अडचण कधीच नव्हती. संरक्षण मिळण्यापूर्वी कित्येक वर्षे इथल्या खडकांवरची प्रवाळवाळू सिमेंट करण्यासाठी उपसली जात होती. आजही वाडीनारच्या समोर खोल पाण्यात तेलवाहू जहाजे उभी राहतात आणि कच्चे तेल नळांतून किनाऱ्यावर येते. त्याच किनाऱ्यावर मिठागरे आहेत, बंदरे आहेत. इथले प्रवाळ आधीच गढूळ पाण्यात, उन्हाळा-हिवाळ्याच्या मोठ्या तापमानफरकात आणि जास्त खारटपणात तग धरून असतात. त्यांच्या बाजूने बोलायला माणसे हवीत, आणि जे कधी डोळ्यांनी पाहिलेच नाही त्याच्या बाजूने माणूस फार काळ बोलत नाही, असे माझे मत आहे. शिवाय दारावरच्या मार्गदर्शकाचे घर त्यावर चालते. उद्यान बंद झाले तर त्या घराला ते जिवंत राखण्यात काय स्वारस्य उरेल?

पण तुमच्या म्हणण्यातला एक भाग मी मान्य करते. पन्नास जणांच्या सहली तिथे नेऊ नयेत. आम्ही गेलो त्याच दिवशी एका शाळेची मोठी सहल आली होती. मुले बिचारी उत्साहात होती, शिक्षक मागे होते आणि खडकावरून सरळ रेषेत, जिथे जमेल तिथे पाय देत सगळे धावत होते. सहा-आठ जणांचा गट, एकामागोमाग एक, मार्गदर्शकाच्या पावलावर पाऊल, यापलीकडे जाऊ नये.

प्रश्नचिन्ह:

उत्तर प्रामाणिक वाटले. मी जाणार नाही, पण जाणाऱ्यांना आता बोल लावणार नाही.

भिंगवाला:

मी छायाचित्रे काढतो आणि तीनदा नराऱ्याला गेलो आहे. इथे एक अवघड विषय मांडायचा आहे, तो म्हणजे फुगा मासा.

हा मासा घाबरला की पाणी गिळून चेंडूसारखा फुगतो. काही वर्षांपूर्वीपर्यंत जवळजवळ प्रत्येक फेरीत मार्गदर्शक तो खळग्यातून उचलून पर्यटकाच्या ओंजळीत ठेवत असे, मासा फुगे, मुले टाळ्या वाजवत आणि फोटो निघे. पहिल्या खेपेला मीही काढला, तो अजून माझ्याकडे आहे आणि मी तो कोणाला दाखवत नाही. पाण्याबाहेर काढलेला मासा पाण्याऐवजी हवा गिळतो आणि ती त्याला सहज बाहेर टाकता येत नाही. मग परत सोडल्यावर तो पोट वर करून तरंगत राहतो आणि वरून पाहणाऱ्या बगळ्याचे काम सोपे होते. फुगणे ही त्याची शेवटची युक्ती आहे, दिवसातून दहा वेळा करायची कसरत नव्हे. त्याच्या शरीरातले विष तर जगातल्या जहाल विषांपैकी आहे. ते हात लावल्याने भिनत नाही, खाल्ल्याने भिनते, हे खरे असले तरी लहान मुलाच्या ओल्या हातात तो देण्याचे काही कारण नाही.

माझा अनुभव असा की मार्गदर्शक हे करतो कारण पर्यटक मागतो, किंवा मागेल असे त्याला वाटते. आपण निघतानाच, पैशांचे बोलणे होते तेव्हाच, हसतमुखाने सांगावे की भाई, आम्हाला काही उचलून दाखवू नका, जिथे आहे तिथेच दाखवा, वेळ लागला तरी चालेल आणि बक्षिशी कमी होणार नाही. शेवटचे वाक्य महत्त्वाचे आहे. दुसऱ्या खेपेचा आमचा मार्गदर्शक हे ऐकून क्षणभर माझ्याकडे पाहत राहिला आणि मग त्याने जे दाखवले ते पहिल्या खेपेला दिसलेच नव्हते. एका खळग्यापाशी त्याने आम्हाला नुसते गप्प बसायला सांगितले. दोन मिनिटांनी तव्यावर मोहरी तडतडावी तसा आवाज चहूबाजूंनी ऐकू येऊ लागला. खडकाच्या भेगांत राहणाऱ्या बोटभर कोळंबीच्या जातीचा तो आवाज होता. ती आपला मोठा नांगा इतक्या झटक्याने मिटते की पाण्यात बुडबुडा होऊन फुटतो. समुद्रफुले म्हणजे ॲनिमोनी उघडू लागली. एक समुद्रससा, म्हणजे एक समुद्री गोगलगाय, शेवाळ कुरतडत पुढे सरकत होता.

दगड उलटण्याबद्दलही हेच. दगडाच्या खालच्या बाजूला जे चिकटलेले असते ते उन्हात काही मिनिटांत सुकते. मार्गदर्शकाने दगड उलटलाच, तर तो होता तसा, त्याच तोंडाने परत ठेवला जातो आहे ना, एवढे पाहावे. ड्रोन नेऊ नये; संरक्षित क्षेत्रात त्याला परवानगी लागते आणि किनाऱ्यावर टिपायला बसलेले पक्षी त्याने एकदम उठतात.

बडोद्याची_वैनी:

आम्ही बडोद्याचे मराठी, त्यामुळे सौराष्ट्र आम्हाला तुमच्या कोकणासारखे. थोडी व्यवहाराची माहिती देते.

हिवाळा उत्तम. नोव्हेंबर ते मार्च ऊन सोसवते आणि पाणीही त्यातल्या त्यात नितळ असते. ओळखपत्र प्रत्येकाचे जवळ असावे. प्रवेशशुल्क आणि कॅमेऱ्याचे शुल्क वेगळे आकारतात आणि ते बदलत राहते, म्हणून आकडा लिहीत नाही. जामनगरच्या वनकार्यालयात आदल्या दिवशी ओहोटीची वेळ विचारून ठेवली तर पहाटे किती वाजता निघायचे ते ठरवता येते. पिरोटन बेटावर जायचे असेल तर मात्र आधी परवानगी आणि बेडी बंदरातून होडी, शिवाय भरतीवर जाणे आणि भरतीवर परतणे, असा सगळा वेगळा घाट आहे. पहिल्यांदा जाणाऱ्याने नराराच करावे.

बुटांविषयी ठासून सांगते. चपला नकोत, सँडल नकोत, रबरी स्लीपर तर मुळीच नकोत. तिवरांच्या पट्ट्यातला चिखल पाय सोडतो, पण चप्पल सोडत नाही. जुने कॅनव्हासचे, नाडीचे, जाड तळव्याचे बूट आणि आत लांब मोजे, हेच बरे. तिथे सावली नाही, दुकान नाही. माणशी दोन लिटर पाणी, लांब बाह्यांचा सुती सदरा, टोपी. क्रीम फासून पाण्यात उतरण्यापेक्षा कापडाने अंग झाकलेले आपल्यालाही बरे आणि प्रवाळालाही. एक काठी असावी, पण ती चिखलाची खोली बघायला. प्राण्यांना डिवचायला नव्हे. खाऊची पुडकी गाडीतच ठेवावीत.

डॉक्टर_किनारा:

जखमांविषयी थोडे लिहितो, कारण इथे घरगुती उपायांचा सुळसुळाट असतो.

प्रवाळाने किंवा कालवाच्या शिंपल्याने झालेला चिरा दिसायला किरकोळ असतो, पण त्यात प्रवाळाचे बारीक कण आणि समुद्रातले जंतू राहतात आणि तो आठवडाभर चिघळतो. काठावर येताच स्वच्छ पिण्याच्या पाण्याने आणि साबणाने भरपूर धुवावा, कण दिसत असतील तर चिमट्याने काढावेत आणि धनुर्वाताची लस कधी घेतली होती ते आठवावे. मधुमेही किंवा यकृताचा आजार असलेल्यांनी लाली पसरते आहे किंवा ताप येतो आहे असे दिसल्यास त्याच दिवशी डॉक्टर गाठावा, कारण त्यांच्यात हे जंतुसंसर्ग फार वेगाने पसरतात.

पाकट वाळूत पुरून बसलेला असतो आणि त्याच्या शेपटीचा काटा पाय पडल्यावरच लागतो, म्हणून वाळूच्या तळावर पाय उचलून टाकण्याऐवजी घासत पुढे सरकवावा. चाहूल लागली की तो निघून जातो. काटा लागलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात, म्हणजे साधारण 45 अंश सेल्सिअसच्या आत, पाय तासभर बुडवून ठेवावा. वेदना लक्षणीय कमी होतात. पाण्याची ऊब दुखऱ्या पायाने अजमावू नये, कारण त्याला भाजल्याचे कळत नाही. दुसऱ्या माणसाने हाताने पाहावे. थर्मासमध्ये गरम पाणी नेणे त्यासाठी उपयोगी पडते आणि काही झाले नाही तर त्याचा चहा होतो. जेलीफिशचे धागे लागले तर समुद्राच्याच पाण्याने धुवावेत, चोळू नयेत आणि गोडे पाणी ओतू नये, त्याने न फुटलेल्या दंशपेशीही फुटतात. शंकूच्या आकाराचा, सुरेख नक्षीचा शंख जिवंत असेल तर उचलू नये. त्यातला प्राणी विषारी बाण मारतो आणि त्यावर घरचा उपाय नाही, रुग्णालयच गाठावे लागते.

गुजरातेत रुग्णवाहिकेसाठी 108 आणि समुद्रात कोणी अडकल्यास तटरक्षक दलाचा 1554, हे दोन क्रमांक फोनमध्ये आधीच टाकून ठेवावेत.

सहकुटुंब:

आम्ही येत्या महिन्यात जाण्याचे ठरवतो आहोत. मुलगा सात वर्षांचा आहे आणि आई एकाहत्तर वर्षांच्या. त्यांचे गुडघे दुखतात, पण जिद्द दांडगी आहे. दोघांना नेता येईल का? आईंना 'तुम्ही काठावर बसा' म्हटले तर वाईट वाटेल, असेही वाटते.

बेडीबंदर:

मुलाला जरूर न्या, पण एका मोठ्या माणसाचे त्या दिवशी दुसरे कोणतेही काम नको. कॅमेरासुद्धा त्याच्या गळ्यात नको. आईंच्या बाबतीत मात्र स्पष्ट लिहितो. दीड-दोन तास ओल्या, खडबडीत, बुळबुळीत तळावर चालायचे आहे, मध्येच बसायला जागा नाही, आणि परत फिरताना घाई करावी लागली तर दुखऱ्या गुडघ्यांना ती करता येणार नाही. त्यांच्यामुळे सगळा गट चढत्या पाण्यात अडकू शकतो. हे त्यांना समजावून सांगण्यापेक्षा त्यांच्यासाठी वेगळे काही ठरवा. जामनगरजवळच खिजडिया पक्षी अभयारण्य आहे. नवानगर संस्थानाच्या काळात बांध घालून समुद्राचे खारे पाणी अडवले गेले, त्यामुळे बांधाच्या एका बाजूला गोडे पाणथळ आणि दुसऱ्या बाजूला खाजण, असा दुहेरी मुलूख तिथे एकाच जागी पाहायला मिळतो. 2022 साली त्याचा रामसर यादीत, म्हणजे महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत, समावेश जाहीर झाला. हिवाळ्यात करकोचे, रोहित, बदके यांची रेलचेल असते आणि बराचसा भाग गाडीतून किंवा थोडे चालून पाहता येतो. नराऱ्याला त्या आल्याच तर तिवरांच्या अलीकडच्या कोरड्या काठावर दुर्बीण घेऊन बसू शकतात. काळ्या-पांढऱ्या अंगाचा, जाड चोचीचा क्रॅब प्लोव्हर दिसला तर तुम्ही खडकावर जे पाहाल त्यापेक्षा त्यांचा दिवस कमी सत्कारणी लागला असे होणार नाही.

सहकुटुंब:

कालच परतलो, म्हणून आठवणीने लिहीत आहे.

खिजडियाला आईंनी अख्खी सकाळ घालवली आणि रोहित पक्ष्यांना 'हे तर लग्नघरातले व्याही, मान ताठ करून एका पायावर उभे' असे नाव ठेवले. नराऱ्याला मात्र त्या आपणहोऊन म्हणाल्या की मला इथेच बसवा, तुम्ही वेळेवर या म्हणजे झाले. मार्गदर्शकाला भिंगवाला यांनी लिहिलेले वाक्य जसेच्या तसे सांगितले. त्याने काही उचलले नाही. फुगा मासा दिसला, तोही सडपातळ, न फुगलेला, आणि मुलाचा आधी थोडा हिरमोड झाला. मग तो एका खळग्याकाठी उकिडवा बसला आणि वीस मिनिटांनी त्यातला एक 'दगड' उठून चालू लागला. तो खेकडा होता, पाठीवर शेवाळ वाढलेला. अष्टपाद काही दिसला नाही.

बूट अजून गॅलरीत वाळताहेत आणि घरभर खाजणाचा वास आहे.

ओलीवाट:

वाचून फार बरे वाटले. आईंना माझा नमस्कार सांगा. ओहोटी किती वाजता होती, आणि तिवरांच्या बाजूची ती खाच तुम्ही परतताना ओलांडली तेव्हा तिच्यात पाणी किती होते?

सहकुटुंब:

ओहोटी नऊ वाजून पाच मिनिटांनी होती. गजर त्याच वेळेचा लावला होता आणि तो वाजला तेव्हा आम्ही आधीच वळलेले होतो. खाच नऊ पंचविसाला ओलांडली. पाणी मुलाच्या घोट्याएवढे होते, पण वाहायला लागले होते.